अमेरिकेतल्या लॅटिनो समाजांवरचा पहिला शोधनिबंध: विषय ठरवण्यापासून समीक्षकांना उत्तर देईपर्यंत

अमेरिकेत मानसशास्त्र, समुपदेशन, समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांच्या वाट्याला लॅटिनो समाजाबरोबरचं काम बरेचदा येतं. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, न्यूयॉर्क, शिकागो इथल्या क्लिनिकमध्ये स्पॅनिश बोलणारी माणसं रोज येतात, आणि मार्गदर्शकांचा प्रकल्पही त्यांच्याबद्दलचा असू शकतो. २०२० च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख लोकांनी आपली नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली, म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणीस जण. त्यांच्यावर लिहिलेला पहिला शोधनिबंध कसा उभा करायचा, कुठे पाठवायचा आणि तो कुठे अडकतो, ते इथे क्रमाने दिलं आहे.

या विषयाला वाहिलेलं नियतकालिक म्हणजे 'जर्नल ऑफ लॅटिनेक्स सायकॉलॉजी'. नॅशनल लॅटिनेक्स सायकॉलॉजिकल असोसिएशन या संघटनेचं ते मुखपत्र आहे आणि अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एपीए, ते वर्षातून चार वेळा प्रकाशित करते. ते २०१२ मध्ये 'जर्नल ऑफ लॅटिना/ओ सायकॉलॉजी' या नावाने सुरू झालं आणि २०१९ च्या सातव्या खंडापासून आजचं नाव घेतलं. जुने लेख शोधताना दोन्ही नावं टाकावी लागतात, नाहीतर पहिले सहा खंड हाती लागत नाहीत. याहून जुनं आहे 'हिस्पॅनिक जर्नल ऑफ बिहेवियरल सायन्सेस'. अमादो पादिया यांनी ते १९७९ मध्ये सुरू केलं.

दोन्हीकडे येणाऱ्या निबंधांना समीक्षक पहिला प्रश्न विचारतात तो एकच: कोणते लॅटिनो? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नाशी येऊन थांबते, म्हणून उत्तर आधी तयार ठेवा.

आधी वाचन, आणि तेही दोन्ही भाषांत

विषय पक्का करण्यापूर्वी मुख्य नियतकालिकाचे गेल्या तीन वर्षांचे सगळे अंक अनुक्रमणिकेपासून चाळा. बारा अंक होतात. प्रत्येक लेखाचा सारांश आणि 'पद्धत' हा भाग वाचा, आणि एका तक्त्यात पाच रकाने भरा: सहभागी मूळचे कुठल्या देशातले, किती जण, कुठल्या भाषेत माहिती गोळा केली, कुठली मापनी (म्हणजे मोजमापासाठीचा विधानांचा संच) वापरली, माहिती कुठल्या शहरात किंवा राज्यात घेतली. तीस-चाळीस ओळी भरल्या की मोकळ्या जागा आपोआप दिसायला लागतात. मेक्सिकन वंशाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर ढीगभर लेख सापडतात. होंडुरासहून आलेल्या शेतमजुरांवर किंवा ग्वातेमालातल्या माया भाषिकांवर फार थोडे.

लॅटिन अमेरिकेत झालेलं काम वगळू नका. मेक्सिकोतून चालणारं 'रेदालिक' आणि ब्राझीलमध्ये सुरू झालेलं 'साएलो' हे दोन्ही संग्रह फुकट आहेत. रुबेन आर्दिला यांनी १९६९ मध्ये कोलंबियात सुरू केलेलं 'रेविस्ता लातिनोआमेरिकाना दे सिकोलोखिया' पाहाच. अमेरिकेतल्या इंग्रजी निबंधांत हे संदर्भ क्वचित दिसतात. कोलंबियन स्थलांतरितांवर लिहिताना एकाही कोलंबियन संशोधकाचा उल्लेख नसेल, तर जाणत्या समीक्षकाला ते खटकतं.

लेखाची प्रत मिळत नसेल तर आपल्या ग्रंथालयाची आंतरग्रंथालयीन सेवा वापरा. लेखकांनी विद्यापीठाच्या संग्रहात ठेवलेली स्वीकृत हस्तलिखितंही शोधा. एपीए तशी परवानगी देते, त्यामुळे बऱ्याच लेखांची फुकट प्रत कुठेतरी असते.

नाव कुठलं वापरायचं

'हिस्पॅनिक' हा शब्द स्पॅनिश भाषेशी जोडलेला आहे, 'लॅटिनो' लॅटिन अमेरिकेशी. म्हणून ब्राझीलचा माणूस लॅटिनो धरला जातो पण हिस्पॅनिक नाही, आणि स्पेनचा माणूस हिस्पॅनिक पण सहसा लॅटिनो नाही. 'लॅटिनेक्स' हा शब्द स्त्री-पुरुष या जोडीबाहेरच्या व्यक्तींनाही सामावून घेण्यासाठी आला. 'लातिने' हे रूप त्याच हेतूचं आहे, पण स्पॅनिशमध्ये सहज उच्चारता येतं, म्हणून अनेकांना ते जवळचं वाटतं. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 'लॅटिनेक्स' हा शब्द साधारण चौघांपैकी एकानेच ऐकला होता, आणि स्वतःसाठी वापरणारे फक्त ३ टक्के होते.

यातून व्यवहारातला नियम असा निघतो: निबंधात सर्वसाधारण उल्लेखासाठी एक शब्द निवडा, तो का निवडला ते एका वाक्यात किंवा तळटीपेत सांगा, आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. नमुन्याबद्दल लिहिताना मात्र सहभागी लोकांनी स्वतःला जे म्हटलं ते वापरा. एल साल्वादोरच्या साठ वर्षांच्या बाई स्वतःला 'साल्वादोरेन्या' म्हणवत असतील, तर निबंधात त्यांच्यावर दुसरं नाव लादू नये. जुन्या लेखाचा हवाला देताना त्या लेखकाने वापरलेला शब्दच ठेवा. १९८७ च्या अभ्यासातल्या 'हिस्पॅनिक' सहभागींना मागाहून 'लॅटिनेक्स' करू नका.

सरकारी आकडेवारी वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने वंश आणि हिस्पॅनिक ओळख हे आधीचे दोन वेगळे प्रश्न एकत्र करायचा निर्णय घेतला. जुन्या आणि नव्या पद्धतीने गोळा केलेले आकडे शेजारी-शेजारी ठेवून 'बदल झाला' असं म्हणता येत नाही.

नमुना: सगळ्यात जास्त निबंध इथेच बुडतात

'नमुन्यात २१० लॅटिनो होते' हे वाक्य पुरेसं नाही, आणि यामागे चांगलं कारण आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय लॅटिनो आणि आशियाई पाहणीत २,५५४ लॅटिनो प्रौढ होते. मार्गारिता आलेग्रिया आणि सहकाऱ्यांनी ती माहिती तपासली तेव्हा दिसलं की मेक्सिकन वंशाच्या लोकांत स्थलांतरितांमध्ये मानसिक विकारांचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमी आहे. पोर्तो रिकन लोकांत मात्र तसा फरक सापडला नाही. सगळ्यांना एकाच टोपलीत टाकलं असतं तर मेक्सिकन गटाच्या संख्येच्या जोरावर एकच निष्कर्ष निघाला असता, आणि तो पोर्तो रिकन रुग्णाच्या बाबतीत चुकीचा ठरला असता. क्लिनिकमध्ये बसलेल्या माणसाला या चुकीची किंमत मोजावी लागते.

म्हणून प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर निदान एवढं विचारा: व्यक्तीचा जन्म कुठल्या देशात झाला, आईचा आणि वडिलांचा कुठे, वेगवेगळं, अमेरिकेत आली तेव्हा वय किती होतं, घरी, कामावर आणि मित्रांत कुठली भाषा बोलते, शिक्षण किती वर्षं आणि कुठल्या देशात झालं, स्वतःला काय म्हणवते, यासाठी मोकळी ओळ. वंशाचा प्रश्न वेगळा ठेवा. आफ्रिकी वंशाचे डॉमिनिकन, आदिवासी वंशाचे पेरूवासी आणि गोऱ्या वर्णाचे क्यूबन हे तिघंही लॅटिनो असतात, पण रस्त्यावर पोलिसाने थांबवलं तर तिघांना येणारा अनुभव सारखा नसतो.

पिढीचा हिशोबही स्पष्ट लिहा. परदेशात जन्मलेली ती पहिली पिढी, स्थलांतरित आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेली ती दुसरी. लहानपणी आलेल्यांना बरेच जण 'दीड पिढी' म्हणतात, पण त्यासाठीचं वय प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं, म्हणून तुमची सीमा किती वर्षांची ते सांगा. पोर्तो रिकोच्या लोकांना 'स्थलांतरित' लिहिण्याची चूक नवख्यांकडून फार होते. १९१७ पासून ते जन्माने अमेरिकेचे नागरिक आहेत. बेटावरून मुख्य भूमीवर येणं हा त्यांच्यासाठी एकाच देशाच्या आतला प्रवास आहे, आणि व्हिसा किंवा हद्दपारीची भीती त्यांच्यावर लादून केलेलं विश्लेषण निराधार ठरतं.

स्पॅनिश सगळ्यांची मातृभाषा असते हे गृहीत धरू नका. मेक्सिकोच्या ओआहाकामधून आलेले अनेक शेतमजूर घरी मिश्तेको बोलतात. ग्वातेमालातून आलेले माम किंवा किचे या माया भाषा. त्यांच्यासाठी स्पॅनिश ही शाळेत किंवा बाजारात शिकलेली दुसरी भाषा असते. स्पॅनिश प्रश्नावली हाती दिल्यावर माणूस मान हलवतो आणि अंदाजाने खुणा करत जातो. मग विश्वासार्हतेचा गुणांक घसरतो, आणि संशोधक मापनीला दोष देतो. हे टाळायला 'लहानपणी घरी कुठली भाषा होती' एवढा एकच प्रश्न आधी विचारला तरी पुरतं.

संमती, पैसे आणि भीती

कागदपत्रं नसलेले लोक नमुन्यात असण्याची शक्यता असेल, तर कायदेशीर दर्जा विचारूच नका, जोपर्यंत तोच संशोधनाचा विषय नाही. विचारावाच लागला तर माहिती गोळा करण्याआधी तीन गोष्टी करून घ्या.

विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे सहीविना संमतीसाठी अर्ज करा. अमेरिकेच्या नियमांत अशी तरतूद आहे: सही केलेला कागद हाच माणसाला संशोधनाशी जोडणारा एकमेव दुवा असेल आणि माहिती फुटणं हाच मुख्य धोका असेल, तर समिती सहीची अट काढू शकते. संमतीपत्र वाचून दाखवायचं, प्रश्न विचारू द्यायचे आणि तोंडी होकार घ्यायचा.

राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं, म्हणजे एनआयएचचं, गोपनीयता प्रमाणपत्र मिळवा. सहभागींची ओळख कोर्टाच्या आदेशानेही उघड करावी लागू नये यासाठी ते असतं. एनआयएचच्या पैशावरच्या संशोधनाला २०१७ पासून ते आपोआप लागू होतं, इतरांना अर्ज करावा लागतो.

तिसरी गोष्ट साधी दिसते, पण सगळा अभ्यास तिच्यावर अडकू शकतो. सहभागींना मानधन द्यायचं म्हटलं की विद्यापीठाचा लेखाविभाग अनेकदा नाव, पत्ता आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, मागतो. तो कागद पुढे केला की माणसं उठून जातात, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर बातमी होते की इथे नंबर मागतात. एकदा गेलेला विश्वास त्या वस्तीत परत मिळत नाही. लेखाविभागाशी दोन-तीन महिने आधी बोलून रोख रकमेची किंवा दुकानाच्या कार्डाची सोय करा, आणि नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक राहील असं लेखी ठरवून घ्या.

दुभाषा म्हणून घरातल्या मुलाला बसवू नका. आईच्या नैराश्याबद्दलचे प्रश्न बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडून विचारले, तर उत्तरही बिघडतं आणि मुलगीही कोलमडते.

मापनी आणि भाषांतर

इथे घाई केली तर नंतर कुठल्याही आकडेमोडीने ती भरून निघत नाही.

आधी पाहा, मापनी कुणासाठी बनली होती. अकल्चरेशन, म्हणजे नव्या संस्कृतीत रुळत जाण्याची प्रक्रिया, मोजायला 'आर्समा-२' फार वापरतात. कुएयार, आर्नोल्ड आणि माल्दोनादो यांनी १९९५ मध्ये ती मेक्सिकन अमेरिकन लोकांसाठी तयार केली. तिच्यात ३० विधानं आहेत: १३ अँग्लो बाजूची आणि १७ मेक्सिकन बाजूची. ती क्यूबन लोकांना द्यायची तर 'मेक्सिकन' शब्द खोडून 'क्यूबन' लिहिणं एवढ्याने काम होत नाही. बदललेली विधानं, बदलाचं कारण आणि नव्या नमुन्यातली घटकरचना (कुठली विधानं एकत्र गटात पडतात) हे तिन्ही निबंधात द्यावं लागतं.

अकल्चरेशन न मोजता 'अमेरिकेत किती वर्षं राहिले' किंवा 'कुठल्या भाषेत मुलाखत दिली' यावरून ते ठरवणं ही सवय सोडा. मायामीच्या स्पॅनिश वस्तीत तीस वर्षं राहिलेल्या माणसाला कदाचित इंग्रजीची गरजच पडली नसेल. शिवाय मूळ संस्कृती टिकवणं आणि नवी आत्मसात करणं हे एकाच काट्याची दोन टोकं नाहीत. माणूस दोन्हींत घट्ट असू शकतो किंवा दोन्हींत परका. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजणारी मापनी घ्या. न्यू जर्सीत गणेशोत्सव साजरा करणाऱ्या आणि रविवारी अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्या मराठी घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भाषांतराची नेहमीची रीत म्हणजे एकाने इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायचं, दुसऱ्याने मूळ इंग्रजी न पाहता ते परत इंग्रजीत आणायचं, आणि दोन इंग्रजी मजकूर ताडून पाहायचे. ही रीत एक मोठी चूक लपवते. 'जीव भांड्यात पडला' याचं कुणी शब्दशः स्पॅनिश केलं आणि दुसऱ्याने ते शब्दशः मराठीत परत आणलं, तर वाक्य जसंच्या तसं मिळतं आणि सगळे खूश होतात. मधल्या स्पॅनिश वाचकाला मात्र काहीच कळलेलं नसतं. नैराश्य मोजणाऱ्या सीईएस-डी या २० विधानांच्या मापनीत उदासीसाठी इंग्रजीतला 'ब्लूज' हा शब्द आहे. त्याचं 'आसूल' म्हणजे निळं असं भाषांतर परत आणताना पुन्हा बिनचूक 'ब्लू' होतं.

म्हणून हा क्रम ठेवा. दोन भाषांतरकार स्वतंत्रपणे काम करतील, शक्यतो वेगवेगळ्या देशांतले. एक मेक्सिकोचा आणि एक कॅरिबियन बेटांवरचा असेल तर उत्तम. मग तिसऱ्या जाणकारासह बसून एकेक विधान ठरवायचं. मग तुमच्या नमुन्यातल्यासारख्या आठ-दहा लोकांना विधानं वाचून दाखवायची आणि विचारायचं, 'हे तुमच्या शब्दांत सांगा'. उत्तर 'हो, कळलं' असेल तर ते मोजू नका. भाषा पाचवी-सहावीच्या इयत्तेची ठेवा. या सगळ्याला सहा ते आठ आठवडे धरा.

'तुम्ही' की 'तू' हा प्रश्न इथेही आहे. वडीलधाऱ्यांसाठी 'उस्तेद' आणि मुलांसाठी 'तू' हे बऱ्याच ठिकाणी चालतं, पण एल साल्वादोर, होंडुरास, ग्वातेमाला इथे जवळच्या माणसाला 'वोस' म्हणतात. प्रौढांच्या प्रश्नावलीत 'उस्तेद' ठेवणं सुरक्षित. 'रेस्पेतो', म्हणजे मान राखणं, हे मूल्य तुम्ही मोजणार आणि प्रश्नावलीच अरेतुरे करणार, असं होऊ नये.

छापण्याआधी एन या अक्षरावरची नागमोडी रेघ तपासा. वय विचारताना 'आन्योस' म्हणजे वर्षं. ती रेघ फॉन्टमुळे उडाली की शब्द 'आनोस' होतो आणि त्याचा अर्थ गुदद्वार असा आहे. ही चूक छापील प्रश्नावल्यांत पुन्हा पुन्हा सापडते. आणि वाचणारा माणूस पहिल्याच ओळीत ठरवतो की ही मंडळी आपल्याला गांभीर्याने घेत नाहीत.

पर्यायांच्या संख्येकडेही लक्ष द्या. हुई आणि ट्रायांडिस यांनी १९८९ मध्ये दाखवलं की पाच पर्याय दिले तर हिस्पॅनिक सहभागी टोकाचे पर्याय इतरांपेक्षा जास्त निवडतात, दहा पर्याय दिले तर हा फरक नाहीसा होतो. दोन गटांची सरासरी ताडण्याआधी हे ध्यानात ठेवा.

इंग्रजी आणि स्पॅनिश उत्तरं एकत्र करणार असाल तर मापन दोन्हींत सारखं चालतं का, हे पायरीपायरीने तपासा: आधी घटकरचना तीच आहे का, मग भार सारखे आहेत का, मग आंतरछेद सारखे आहेत का. प्रत्येक पायरीला सीएफआय, म्हणजे प्रारूप माहितीशी किती जुळतं ते सांगणारा आकडा, ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर थांबा. तिसरी पायरी पार झाली नसेल तर गटांच्या सरासरींची तुलना करू नका, संबंधांबद्दलच लिहा. प्रत्येक भाषेत शंभरच्या आत माणसं असतील तर या तपासणीवर फारसं विसंबता येत नाही. तेव्हा एकाच भाषेतला नमुना घेणं शहाणपणाचं.

संस्कृतीचे शब्द जपून वापरा

'फामिलिस्मो' म्हणजे कुटुंबाशी निष्ठा, 'सिम्पातिया' म्हणजे संबंधात कटुता येऊ न देणं, 'पेर्सोनालिस्मो' म्हणजे पदापेक्षा माणसाशी नातं जोडणं. हे शब्द नवख्यांना फार आवडतात आणि निष्कर्षात स्पष्टीकरण म्हणून येतात: 'हे फामिलिस्मोमुळे घडलं असावं'. मोजलं नसेल तर लिहू नका. मोजायचं असेल तर त्याचे भाग वेगळे करा. साबोगाल आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये कुटुंबनिष्ठेचे तीन भाग वेगळे काढले. अमेरिकेत रुळल्यावर कुटुंबाप्रती कर्तव्याची भावना आणि कुटुंबाच्या मतावर चालणं कमी होत गेलं, पण घरच्यांचा आधार आहे ही भावना टिकून राहिली. तीन भागांची एकच बेरीज केली असती तर हे दिसलंच नसतं. 'माचिस्मो'चंही तसंच. आर्सिनिएगा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या मापनीत वर्चस्व गाजवणारा पुरुषीपणा आणि 'काबाय्येरिस्मो', म्हणजे जबाबदार, प्रेमळ पुरुषपण, हे वेगळे मोजले जातात. फक्त पहिलं मोजून लॅटिनो बापांवर लिहिणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

दुःख सांगण्याच्या रीतींकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावं. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या परिशिष्टात सांस्कृतिक व्यथांची नऊ उदाहरणं आहेत. त्यांतली तीन लॅटिन अमेरिकेची: 'आताके दे नेर्व्हियोस' (रडणं, ओरडणं, थरथरणं असा अचानक झटका), 'नेर्व्हियोस' (ताणापुढे कायम हळवं असणं) आणि 'सुस्तो'. एक आपल्याकडचं, धात, म्हणजे वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो ही चिंता. 'सुस्तो' म्हणजे अचानक भीतीचा धक्का बसल्यावर आत्मा शरीर सोडून जातो आणि माणूस खंगत जातो ही समजूत. आपण 'धसका घेतला' म्हणतो तेव्हा त्याच्या जवळपास पोहोचतो, पण आत्मा निघून जाण्याची कल्पना त्यात नाही, म्हणून दोन्ही एक मानू नका. 'आताके'ला पॅनिक ॲटॅक लिहिण्याची चूकही नेहमीची. 'आताके' बहुधा घरातल्या एखाद्या धक्क्यानंतर येतो: मृत्यू, भांडण, ताटातूट. पॅनिक ॲटॅक तसा काही प्रसंग नसतानाही येऊ शकतो. निबंधात मूळ शब्द ठेवा आणि सहभागीने तो कशासाठी वापरला ते सांगा.

उपचारपद्धती जुळवून घेण्यावर लिहायचं असेल तर पोर्तो रिकोतल्या बेर्नाल, बोनिया आणि बेयिदो यांची १९९५ ची चौकट आधार म्हणून घ्या. तिला आठ बाजू आहेत: भाषा, व्यक्ती, रूपकं, आशय, संकल्पना, उद्दिष्टं, पद्धती आणि संदर्भ. प्रत्येक बाजूला नेमकं काय बदललं ते लिहा. फक्त पत्रक स्पॅनिशमध्ये छापलं असेल तर आठांतली एकच बाजू झाली, आणि तसंच सांगावं.

लिखाण आणि पाठवणी

एपीएच्या शैलीपुस्तिकेची सातवी आवृत्ती हाताशी ठेवा, आणि एपीएने २०२३ मध्ये आणलेले वंश, वांशिकता व संस्कृतीबद्दलचे अहवाललेखनाचे निकषही. सारांश २५० शब्दांच्या आत. सामाजिक महत्त्व सांगणारं निवेदन दोन-तीन वाक्यांचं, साधारण ३० ते ७० शब्दांचं. त्यात 'अधिक संशोधनाची गरज आहे' लिहून जागा वाया घालवू नका. क्लिनिकमधल्या माणसाने काय वेगळं करावं ते सांगा. 'जर्नल ऑफ लॅटिनेक्स सायकॉलॉजी'त सारांश स्पॅनिशमध्येही छापला जातो. तो यंत्राकडून करून घेऊन तसाच पाठवू नका. स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो, तेव्हा इंग्रजी सारांश २२०-२३० शब्दांत बसवला तर सोपं जातं. शब्दमर्यादा आणि पानांची अट नियतकालिकाच्या सूचनांत त्याच दिवशी पुन्हा पाहा.

मुलाखतींवरचा निबंध असेल तर संकेतन, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयांच्या खुणा लावणं, मूळ भाषेत करा, भाषांतरावर करू नका. अवतरण आधी स्पॅनिशमध्ये, खाली इंग्रजीत द्या. त्यामुळे जागा दुप्पट जाते, म्हणून वीस अवतरणांऐवजी नेमकी आठ-दहा ठेवा. स्वतःबद्दलचा परिच्छेदही लागतो: माहिती कुणी घेतली, त्यांना स्पॅनिश किती येतं, त्या समाजाशी नातं काय. मराठी संशोधकाने इथे मोकळेपणाने लिहावं की आपण या समाजाबाहेरचे आहोत, आणि अर्थ लावताना समाजातल्या कुणाचा सहभाग होता. त्या व्यक्तीचं काम मोठं असेल तर तिचं नाव लेखकांत यायला हवं, आभारात ढकलू नये.

संदर्भसूचीत स्पॅनिश आडनावं जपा. बऱ्याच लोकांना दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. सूचीत पहिल्या आडनावाखाली नोंद होते. संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअरं पहिलं आडनाव मधलं नाव समजून आद्याक्षरात टाकतात आणि माणूस ओळखू येईनासा होतो. अक्षरांवरच्या खुणा जशाच्या तशा हव्यात. सूची हातानेच तपासावी लागते.

समीक्षा नावं झाकून होते. तेव्हा मुख्य फाइलमधून नावं, विद्यापीठ, नीतिसमितीचं नाव आणि फाइलच्या गुणधर्मांतलं लेखकाचं नाव काढा. 'आमच्या आधीच्या अभ्यासात' ऐवजी तृतीय पुरुषी वाक्य लिहा. संपादकाला सोबत द्यायचं पत्र एका पानाचं पुरे: प्रश्न काय, नमुना कोण, या नियतकालिकाच्या वाचकाला त्याचा काय उपयोग, आणि याच माहितीवर आधी काही छापलं असेल तर ते कुठे. शेवटचा मुद्दा लपवला आणि नंतर उघड झाला तर निबंध परत येतो.

संपादक समीक्षेला न पाठवताच परत करतात त्याची कारणं ठरलेली आहेत. नमुन्यात लॅटिनो आहेत पण प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. गोऱ्या गटाशी तुलना केली आहे, पण ती का केली याचं कारण दिलेलं नाही. किंवा सगळा निबंध उणिवांवर उभा आहे, म्हणजे लॅटिनोंत नैराश्य जास्त, उपचार कमी, शिक्षण कमी, आणि त्यामागचा विमा, भाषा, पगार, भेदभाव यांचा पत्ता नाही. हा जुना रोग आहे. न्यू मेक्सिकोतले जॉर्ज सांचेझ १९३० च्या दशकातच लिहीत होते की स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजी चाचणीने मोजून त्यांना कमी ठरवणं हा चाचणीचा दोष आहे. तुमच्या निबंधात तोच दोष नव्या कपड्यांत येत नाही ना, हे पाठवण्याआधी कुणा बाहेरच्याकडून वाचून घ्या.

समीक्षा आली की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग तीन रकान्यांचा तक्ता करा: समीक्षकाचा मुद्दा त्याच्याच शब्दांत, तुमचं उत्तर, आणि बदल कुठल्या पानावर केला. 'गट एकत्र का केले?' हा मुद्दा आला तर गटवार निकाल काढून दाखवा, संख्या कमी असली तरी. एकेका गटात पंधरा-वीसच माणसं असतील तर सांख्यिकीय कसोट्या न लावता सरासरी आणि प्रमाण विचलन द्या आणि मर्यादा स्पष्ट सांगा. समीक्षकाचं पटत नसेल तर नाही म्हणता येतं, पण कारण आणि संदर्भ देऊन.

स्वीकारलं गेल्यावर मुद्रितं येतात तेव्हा आधी लेखकांची नावं, अक्षरांवरच्या खुणा आणि स्पॅनिश सारांश वाचा, मग तक्ते. ते परत करायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून स्पॅनिश वाचणाऱ्या सहलेखकाला आधीच सांगून ठेवा. सदस्यत्वावर चालणाऱ्या या नियतकालिकात लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत. लेख सर्वांना खुला हवा असेल तरच शुल्क पडतं. ते परवडत नसेल तर स्वीकृत हस्तलिखित विद्यापीठाच्या संग्रहात ठेवा. ज्या चर्चमध्ये, शाळेत किंवा दवाखान्यात माहिती घेतली, तिथे दोन पानांचा स्पॅनिश गोषवारा छापून नेऊन द्या. तो पाचवी-सहावीच्या भाषेत असावा, आणि 'आन्योस'वरची ती रेघ त्यातही पुन्हा तपासलेली असावी.